जिनिंगच्या ऑफिसात नवे लागलात? पिव्होट टेबल असं शिका

दसरा-दिवाळी जवळ आली की खान्देशातल्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्यांत, नवी माणसं घेतली जातात. ऑफिसात बसणाऱ्या मुलामुलींची एमएस-सीआयटी झालेली असते, टॅलीही बऱ्यापैकी येत असते. काट्यावरच्या पावत्या एक्सेलमध्ये चढवण्याचं काम दोन दिवसांत हाती बसतं. अडतं ते पुढे. शेठ आत येतात आणि उभ्या उभ्याच विचारतात, "पारोयाना कापूस कितला उना? काय भाव पडना?" (पारोळ्याचा कापूस किती आला? काय भाव पडला?) मग आपण फिल्टर लावतो, पारोळा निवडतो, बेरीज घेतो, कागदावर लिहितो. तेवढ्यात ते अमळनेरचं विचारतात, मग मागच्या महिन्याचं.

हे सगळे प्रश्न एका जागी सोडवणारी एक्सेलमधली सोय म्हणजे पिव्होट टेबल: लांब यादीची गटवार बेरीज ती स्वतः करून देते. मी ती जिनिंगच्या ऑफिसातच कामावर शिकले, म्हणून उदाहरणं कापसाची आहेत. तुम्ही डाळ मिलमध्ये असा, केळी भरणाऱ्या व्यापाऱ्याकडे असा किंवा जळगावच्या एमआयडीसीत पाइपच्या कारखान्यात, पायऱ्या याच. एक गोष्ट आधीच सांगते. पिव्होट लावणं पाच मिनिटांचं काम आहे. खरी मेहनत खालची एन्ट्री सरळ ठेवण्यात आहे आणि शिकणारे नेमकं तिथेच घाई करतात. म्हणून या लेखातही तो भाग लांब आहे.

सुरुवातीला काय हाताशी हवं

- कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप. मोबाइलवर तयार पिव्होट बघता येतो, शिकायला मात्र माउस आणि मोठी स्क्रीन हवी.
- एक्सेल 2013 किंवा त्यानंतरचं. ते नसेल तर गूगल शीट्स किंवा लिब्रेऑफिस कॅल्क, दोन्ही फुकट आहेत आणि दोन्हींत पिव्होट आहे. मी एक्सेलच्या पायऱ्या देते आहे, गूगल शीट्समध्ये जिथे वेगळं पडतं तिथे सांगेन.
- ऑफिसच्या फाइलची कॉपी. मूळ फाइलवर शिकू नका. कॉपीच्या नावात तारीख टाका.
- घरी सरावासाठी माहिती हवी असेल तर सरकारच्या अ‍ॅगमार्कनेट या साइटवर बाजार समित्यांची रोजची आवक आणि किमान, कमाल व सर्वसाधारण भाव मिळतात. ऑफिसची फाइल पेन ड्राइव्हवर घरी नेण्यापेक्षा हे बरं.
- वही. तिचं काम पहिल्याच पायरीत आहे.

1. आधी प्रश्न वहीत लिहा

स्क्रीनकडे बघण्याआधी ऑफिसात कोणते प्रश्न विचारले जातात ते लिहून काढा. तालुकावार किती क्विंटल आलं? महिन्यावार किती? कोणत्या गावचा माल ओला येतो? किती शेतकऱ्यांनी माल दिला? सरासरी भाव काय पडला?

प्रत्येक प्रश्नात दोन गोष्टी असतात: "कशावार" आणि "काय". तालुकावार वजन. महिन्यावार रक्कम. "कशावार" ते रो किंवा कॉलममध्ये जातं, "काय" ते व्हॅल्यूजमध्ये (हे पिव्होटचे खाने आहेत, चौथ्या पायरीत दिसतील). प्रश्न असे फोडायची सवय लागली की कोणतं नाव कुठे ओढायचं हे विचारावं लागत नाही.

2. पत्रक सरळ करा

नियम एकच: एका ओळीत एक काटा पावती. वर एकाच ओळीत कॉलमची नावं, खाली सलग माहिती. माझ्या पत्रकातले कॉलम असे आहेत: पावती नंबर, तारीख, शेतकरी कोड, शेतकऱ्याचं नाव, गाव, तालुका, वजन, ओलावा, भाव, रक्कम.

नव्या माणसाला मिळणारी फाइल मात्र अशी नसते. वर फर्मचं नाव आणि पत्ता चार ओळींत पसरलेला असतो, मध्ये मध्ये दिवसाची बेरीज असते, तालुक्याचं नाव एकदाच लिहून खालचे दहा सेल मर्ज केलेले असतात. छापायला ते छान दिसतं, पिव्होटला ते चालत नाही. एकेक करून काढा.

वरच्या पत्त्याच्या ओळी डिलीट करा. कॉलमला नाव नसेल तर द्या, नाहीतर "पिव्होटटेबल फील्ड नेम इज नॉट व्हॅलिड" असा मेसेज येतो आणि गाडी तिथेच थांबते. मधल्या बेरजांच्या ओळीही काढा. त्या राहिल्या तर तोच कापूस दोनदा मोजला जातो, आणि कोणताही मेसेज येत नाही.

मर्ज सेलचं असं करा. तो पूर्ण कॉलम निवडून अनमर्ज करा. नाव वरच्या एका सेलमध्ये राहील, खालचे रिकामे होतील. कॉलम निवडलेलाच ठेवून एफ-5 दाबा, स्पेशलमध्ये जाऊन ब्लँक्स निवडा. सगळे रिकामे सेल एकदम निवडले जातील. आता कुठेही क्लिक न करता बरोबरचं चिन्ह टाइप करा, वरचा बाण दाबा आणि कंट्रोल धरून एंटर मारा. प्रत्येक रिकाम्या सेलमध्ये त्याच्या वरचं नाव उतरतं. शेवटी तो कॉलम कॉपी करून तिथेच पेस्ट स्पेशलने व्हॅल्यूज म्हणून चिकटवा. तेवढं राहिलं तर पुढे सॉर्ट करताना नावं इकडची तिकडे होतात.

आडवी पसरलेली फाइलही भेटेल: एका ओळीत शेतकरी आणि पुढे ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर असे वेगळे कॉलम. तिच्यावर पिव्होट लावू नका. महिना हा तारखेतून काढायचा असतो, त्याचे कॉलम करायचे नसतात. अशी फाइल आली तर मूळ पावत्यांची यादी मागून घ्या, ऑफिसात कुठेतरी ती असतेच.

*नावांचा घोळ.* पिव्होट अक्षर बघतो, अर्थ बघत नाही. धुळे आणि धुलिया, शिंदखेडा आणि सिंदखेडा, चोपडा आणि चोपडे हे त्याला वेगवेगळे तालुके वाटतात. जुने मुनीम अजून मुक्ताईनगरला एदलाबाद लिहितात. अक्राणी आणि धडगाव हा एकच तालुका दोन नावांनी चालतो. "पारोळा"च्या पुढे चुकून एक स्पेस पडली तर तोही वेगळा धरला जाऊ शकतो, आणि डोळ्यांना फरक दिसतच नाही.

हे पकडायचा सोपा मार्ग म्हणजे पिव्होटच (तो कसा घालायचा ते चौथ्या पायरीत आहे). फक्त तालुका रोमध्ये टाका आणि यादी वाचा. जळगावचे 15, धुळ्याचे 4 आणि नंदुरबारचे 6 असे खान्देशात 25 तालुके आहेत. तुमचा माल या तीन जिल्ह्यांतूनच येत असेल आणि यादी 31 ओळींची निघाली, तर निदान सहा नावं कुठेतरी दुहेरी झाली आहेत. मूळ पत्रकात फाइंड-रिप्लेसने ती एक करा. जास्तीच्या स्पेस ट्रिम फंक्शनने निघतात. इंटरनेटवरून चिकटवलेल्या मजकुरातली एक खास स्पेस ट्रिमलाही निघत नाही, ती कॉपी करून फाइंडच्या चौकटीत टाका आणि रिप्लेस रिकामं ठेवा. पुढच्या सीझनसाठी तालुक्याच्या कॉलमला डेटा व्हॅलिडेशनची यादी लावून घ्या, म्हणजे टाइप करायलाच नको.

गावांसाठी एक सूचना. पिंप्री आणि वडगाव नावाची गावं ढिगाने आहेत. रोमध्ये नुसतं गाव टाकलं तर वेगवेगळ्या तालुक्यांतल्या पिंप्र्यांचा कापूस एकत्र होतो. आधी तालुका, त्याखाली गाव, असंच टाका. शेतकऱ्यांच्या नावाचंही तसंच. एकाच गावात एका नावाचे तीन पाटील सहज निघतात, म्हणून शेतकरी कोड हवाच.

जुनी फाइल कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये असेल तर पिव्होटच्या यादीत मराठीऐवजी विचित्र चिन्हं दिसतील. फॉन्ट बदलून ते भागत नाही, मजकूर आधी युनिकोडमध्ये कन्व्हर्ट करावा लागतो.

3. तारखा आणि आकडे तपासा

सेलमधली तारीख डाव्या बाजूला चिकटलेली दिसली, आणि कॉलमला कोणी मुद्दाम अलाइनमेंट दिलेली नसली, तर ती तारीख नाही, नुसता मजकूर आहे असं समजा. 12.11.2024 अशा टिंबांच्या तारखांचं बहुतेक वेळा हेच होतं. कॉलम निवडा, डेटा टॅबमधून टेक्स्ट टू कॉलम्स उघडा, तिसऱ्या पानावर डेट निवडून डीएमवाय (दिवस-महिना-वर्ष) करा. सगळ्या तारखा उजवीकडे सरकतील.

याहून धोकादायक आहे ती दिवस-महिन्याची उलटापालट. कॉम्प्युटरची रीजन सेटिंग अमेरिकेची असेल तर 5/11 टाइप केलं की 5 नोव्हेंबरऐवजी 11 मे बसतो. जिनिंगच्या पत्रकात मे महिन्यात मोठी आवक दिसली की आधी हीच शंका घ्या. रीजन इंग्लिश (इंडिया) करून ठेवा. त्याने लाखा-कोटीचे स्वल्पविरामही आपल्या पद्धतीने पडतात.

वजनाच्या कॉलममध्ये फक्त आकडा हवा, तोही इंग्रजी अंकांत. "12 क्विं." लिहिलं की तो मजकूर झाला. एकक कॉलमच्या नावात लिहा. आणि एका कॉलममध्ये एकच एकक. येणारा कापूस क्विंटलमध्ये, गाठ 170 किलोची, रुईचा (सरकी काढलेल्या कापसाचा) सौदा 356 किलोच्या खंडीत: हे तिन्ही एका "वजन" कॉलममध्ये पडले तर खाली येणारी बेरीज कशाचीच नसते.

दुबार पावत्याही याच वेळी शोधून घ्या. रोमध्ये पावती नंबर, व्हॅल्यूजमध्ये पावती नंबरचाच काउंट, मग मोठ्याकडून छोट्याकडे सॉर्ट. ज्या नंबरापुढे 2 आहे ती पावती दोनदा चढली आहे.

4. टेबल करा आणि मग पिव्होट घाला

पत्रकात कुठेही क्लिक करून कंट्रोल-टी दाबा. "माय टेबल हॅज हेडर्स"वर टिक ठेवा. ही पायरी बरेच जण गाळतात. टेबल केल्यावर उद्याच्या पावत्या खाली जोडल्या की त्या आपोआप आत धरल्या जातात. टेबल नसेल तर पिव्होट जुन्याच ओळींपर्यंत मोजत बसतो.

आता इन्सर्टमधून पिव्होटटेबल, न्यू वर्कशीट, ओके. उजवीकडे कॉलमच्या नावांची यादी आणि खाली चार खाने दिसतील: फिल्टर्स, कॉलम्स, रोज (Rows, म्हणजे ओळी), व्हॅल्यूज. तालुका रोजमध्ये ओढा, वजन व्हॅल्यूजमध्ये. झालं, शेठच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर समोर आलं.

खाने दिसेनासे झाले तर घाबरू नका, पिव्होटच्या बाहेर क्लिक झालं असेल. आत क्लिक केलं की परत येतात.

5. सम आहे की काउंट, ते बघा

आकड्यांच्या कॉलमच्या डोक्यावर "सम ऑफ वजन" लिहिलेलं हवं. "काउंट ऑफ वजन" असेल तर तुम्हाला क्विंटल दिसत नाहीत, पावत्यांची संख्या दिसते आहे. वजनाच्या कॉलममध्ये एखादा मजकूर राहिला की एक्सेल स्वतःहून काउंट लावतो. त्या आकड्यावर राइट क्लिक करून समराइझ व्हॅल्यूज बाय, सम. पण तेवढ्यावर थांबू नका. तो मजकुराचा सेल शोधून दुरुस्त करा, नाहीतर त्या पावतीचं वजन बेरजेत येणारच नाही.

पावत्यांची संख्या म्हणजे शेतकऱ्यांची संख्या नव्हे, एक शेतकरी चारदा माल आणतो. शेतकरी मोजायचे तर पिव्होट घालतानाच "अ‍ॅड धिस डेटा टू द डेटा मॉडेल"वर टिक करा, मग शेतकरी कोड व्हॅल्यूजमध्ये टाकून डिस्टिंक्ट काउंट निवडा. गूगल शीट्समध्ये त्यासाठी काउंटयुनिक आहे. डेटा मॉडेलच्या पिव्होटमध्ये सातव्या पायरीतलं कॅल्क्युलेटेड फील्ड चालत नाही, म्हणून शेतकरी मोजण्याचा पिव्होट वेगळा ठेवा.

6. महिने लावताना वर्ष सोडू नका

तारीख रोजमध्ये टाका, कोणत्याही तारखेवर राइट क्लिक करून ग्रुप निवडा. नव्या एक्सेलमध्ये तारीख ओढताच ग्रुपिंग आपोआप होतं. "कॅनॉट ग्रुप दॅट सिलेक्शन" आलं तर तिसऱ्या पायरीवर परत जा, एखादी तारीख मजकूर राहिली आहे.

ग्रुपच्या चौकटीत मंथ्स आणि इयर्स दोन्ही निवडा. नुसते मंथ्स निवडले तर 2023 चा नोव्हेंबर आणि 2024 चा नोव्हेंबर एका ओळीत बेरीज होऊन बसतात.

आपल्या धंद्यात अजून एक अडचण आहे. कापसाचं वर्ष ऑक्टोबर ते सप्टेंबर धरतात, हिशोबाचं एप्रिल ते मार्च, आणि एक्सेलचं जानेवारी ते डिसेंबर. दिवाळीनंतरचा आणि संक्रांतीनंतरचा कापूस एकाच सीझनचा असून दोन वर्षांत फाटतो. एक्सेलचे क्वार्टर्सही जानेवारीपासूनच सुरू होतात. यावर उपाय पिव्होटमध्ये शोधू नका, मूळ पत्रकात "सीझन" नावाचा कॉलम वाढवा. ईडेट फंक्शनने तारीख 9 महिने मागे न्या आणि इयर फंक्शनने तिचं वर्ष काढा. ऑक्टोबर 2024 ते सप्टेंबर 2025 च्या सगळ्या पावत्यांपुढे 2024 येईल. हिशोबाच्या वर्षासाठी तेच, फक्त 3 महिने मागे. पिव्होट रिफ्रेश केला की हे कॉलम यादीत दिसतात.

7. सरासरी भाव: इथे सर्वांत जास्त लक्ष द्या

"काय भाव पडना?" याचं उत्तर द्यायला नवा माणूस भावाचा कॉलम व्हॅल्यूजमध्ये ओढतो आणि अ‍ॅव्हरेज निवडतो. हे उत्तर चुकीचं आहे. दोनच पावत्या घ्या:

- 10 क्विंटल, भाव 7,400, रक्कम 74,000
- 90 क्विंटल, भाव 6,900, रक्कम 6,21,000

अ‍ॅव्हरेज येईल 7,150. प्रत्यक्षात 100 क्विंटलला 6,95,000 रुपये गेले, म्हणजे भाव पडला 6,950. क्विंटलमागे 200 रुपयांचा फरक. या आकड्यावर पुढे रुई काय भावाने विकायची ते ठरतं, म्हणून इथे ढिलाई चालत नाही.

बरोबर पद्धत अशी. पिव्होटमध्ये क्लिक करा, वर पिव्होटटेबल अ‍ॅनलाइझ टॅबमध्ये फील्ड्स, आयटम्स अँड सेट्स, त्यात कॅल्क्युलेटेड फील्ड. नाव द्या "पडलेला भाव". फॉर्म्युल्यात यादीतून रक्कम निवडा, भागिले, मग वजन निवडा. एक्सेल आधी त्या तालुक्याची सगळी रक्कम आणि सगळं वजन बेरीज करतो आणि मग भागतो. खालच्या ग्रँड टोटलच्या ओळीतही तो तसंच करतो, त्यामुळे तिथला भावही खरा असतो. कॉलमच्या डोक्यावर "सम ऑफ" दिसेल, त्याकडे दुर्लक्ष करा.

गूगल शीट्समध्ये व्हॅल्यूज, अ‍ॅड, कॅल्क्युलेटेड फील्ड अशा मार्गाने जा. तिथे "समराइझ बाय" कस्टम करा आणि फॉर्म्युल्यात रकमेची सम भागिले वजनाची सम असं पूर्ण लिहा.

ओलाव्याचंही हेच आहे. दोन क्विंटलच्या पावतीतला 14 टक्के ओलावा आणि साठ क्विंटलमधला 9 टक्के यांची सरळ सरासरी घेऊन काही कळत नाही. पत्रकात "वजन गुणिले ओलावा" असा एक कॉलम वाढवा आणि कॅल्क्युलेटेड फील्डमध्ये त्याला वजनाने भागा. अ‍ॅगमार्कनेटच्या माहितीवर सराव करताना सर्वसाधारण भावाला आवकेने गुणून रकमेचा कॉलम तयार करा, म्हणजे हीच पद्धत तिथेही बसते.

8. बेरीज जुळवा, मगच तोंड उघडा

मूळ पत्रकात वजनाचा पूर्ण कॉलम निवडा. खालच्या पट्टीत सम दिसते. ती आणि पिव्होटची ग्रँड टोटल एकच हवी. पावत्यांची संख्याही जुळवा. जुळत नसेल तर या क्रमाने बघा: एखादा फिल्टर लागलेला आहे का, रिफ्रेश राहिला आहे का, नव्या ओळी टेबलच्या बाहेर राहिल्या आहेत का.

एखादा आकडा खटकला तर त्या आकड्यावर डबल क्लिक करा. ज्या पावत्यांपासून तो बनला त्या नव्या शीटवर उघडतात. शेठनी "हे कशाचं?" विचारलं की पावती नंबरसकट दाखवता येतं. नंतर ती शीट डिलीट करा, नाहीतर फाइलमध्ये डझनभर शीट साचतात.

9. रिफ्रेश

एक्सेलचा पिव्होट आपोआप बदलत नाही. नव्या पावत्या चढवल्या की राइट क्लिक, रिफ्रेश. किंवा आल्ट-एफ-5. फाइलमध्ये अनेक पिव्होट असतील तर कंट्रोल-आल्ट-एफ-5. गूगल शीट्समध्ये तो स्वतः बदलतो, पण फिल्टरमध्ये तुम्ही नावं टिक करून ठेवली असतील तर नव्याने आलेलं गाव त्यात धरलं जात नाही, तिथे लक्ष ठेवा.

10. वाचण्यासारखं करा आणि जपून पाठवा

डिझाइन टॅबमध्ये रिपोर्ट लेआउट, टॅब्युलर फॉर्म. तालुका आणि गाव वेगळ्या कॉलममध्ये येतात, छापलेला कागद वाचायला सोपा जातो. आकड्यांचं फॉरमॅट व्हॅल्यू फील्ड सेटिंग्जमधल्या नंबर फॉरमॅटमधून द्या, म्हणजे खान्यांची जागा बदलली तरी ते टिकतं. शेठना स्वतः तालुका बदलून बघायचा असेल तर स्लायसर लावून द्या, बटणं दाबल्यासारखं वापरता येतं.

आता पाठवण्याबद्दल. दलालाला किंवा बाहेरच्या कोणाला तालुकावार आवक पाठवायची म्हणून बरेच जण मूळ पत्रकाची शीट डिलीट करून उरलेला पिव्होट व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतात. पत्रक गेलं तरी त्याची एक प्रत पिव्होटच्या पोटात फाइलसोबत साठवलेली असते. समोरच्याने ग्रँड टोटलवर डबल क्लिक केलं की प्रत्येक शेतकऱ्याचं नाव, वजन आणि भाव त्याच्यासमोर उघडतं. शेतकऱ्यांनी विश्वासाने दिलेली ही माहिती आहे, ती अशी बाहेर जाता कामा नये. पिव्होट निवडून कॉपी करा, नवी कोरी फाइल उघडा, पेस्ट स्पेशलने फक्त व्हॅल्यूज चिकटवा आणि ती फाइल पाठवा. त्याहून सोपं म्हणजे पीडीएफ करा. पाठवण्याआधी स्वतः एकदा आकड्यावर डबल क्लिक करून बघा: नवी शीट उघडली तर फाइल अजून बाहेर देण्यासारखी झालेली नाही.